साळ्याचा जनरेटर आणि माझी लाज

मला उभ्या आयुष्यात जेवढी लाज वाटली, ती सगळी एकट्या माणसानं वाटायला लावली आणि तो माणूस म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. चौथीत नापास होऊन शाळा सुटली, त्याची मला लाज वाटली नाही. भर बाजारात धोतर सुटलं, तेव्हाही मी ते गुंडाळलं आणि वांगी घ्यायला पुढं गेलो. पण माझा साळा दुरून येताना दिसला की माझे पाय आपोआप दुसऱ्या गल्लीत वळत. उपयोग काही होत नसे. तो तिथूनच ओरडे, "भाऊजी, तिकडं कुठी चालले? मी इकडून आलो ना!" आणि सगळा रस्ता माझ्याकडं बघे.

त्याचा आवाजच तसा होता. सिरोंच्यातला एक व्हिडिओ हॉल बंद पडला, तेव्हा तिथला दोन माणसांनी उचलायचा जनरेटर आणि भोंगा यानं घरी आणला. तेव्हापासून लग्नात, गणपतीत, नाटकात हा उजेड आणि आवाज पुरवायचा. माईकवर बोलून बोलून घरातही तो माईकवरच बोलल्यासारखा बोले. आमच्या ओसरीत चहा मागताना आधी घसा खाकरून "हॅलो, हॅलो" म्हणे. एका लग्नात मंगलाष्टकं मधेच थांबवून यानं पुकारा केला, "नवरीच्या आत्या जिथं असतील तिथून मंडपात यावं, त्यांची चप्पल सापडली आहे, एकच." दुसरी सापडेपर्यंत भटजी अक्षता हातात घेऊन उभे. लोक माझ्याकडं बघून विचारत, "हा तुमचाच ना?" मी म्हणे, "बायकोचा."

जनरेटर त्याला बैलासारखा होता. असं मी म्हणतो तर कोणाला वाटेल बोलायची पद्धत आहे. पद्धत नाही. आमच्याकडं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लहान पोरं लाकडाचे बैल सजवून रांगेत लावतात. एका वर्षी त्या रांगेत हा चाळिशीचा बाप्या हातगाडीवर जनरेटर घेऊन उभा. त्याला गेरू फासलेला, वर झूल, सायलेन्सरला घुंगरू. पाटलानं पोरांबरोबर त्यालाही फुटाण्यांचा पुडा दिला आणि यानं तो दोन्ही हातांनी घेतला. मी झाडामागं उभा होतो. माझी बायको मात्र पुढं जाऊन त्या जनरेटरला ओवाळून आली. मी घरी तिला बोललो, तर म्हणाली, "पोटाले देते त्याले. बैलाले ओवाळत नाई का तुम्ही?"

मशीन अडलं की त्याची तपासणी ठरलेली. आधी तो त्याच्याशी गोड बोले. "काऊन रे बापू, काय झालं, उपाशी आहे का?" मग टाकी हलवून बघे. मग प्लग काढून पँटीला पुसे, नाकाशी नेऊन हुंगे आणि शेवटी जिभेनं चाटे. चाटल्यानं काय कळतं असं विचारलं तर म्हणे, "खारट लागला तर चालते." एक जुना प्लग त्याच्या वरच्या खिशात कायम असे, मास्तरच्या खिशात पेन असतो तसा. माझ्या पोरीला बघायला पाहुणे आले, तेव्हा हा त्यांच्यासमोर बसून तोच प्लग बहिणीच्या पदरानं घासत होता. पोरीच्या होणाऱ्या सासऱ्यानं विचारलं, "मामा काय करतात?" हा म्हणाला, "उजेड." मला वाटलं, मोडलं लग्न. मोडलं नाही. सासरा मोठ्या अंगाचा, खाऊनपिऊन सुखी माणूस होता, त्यानं नुसती मान हलवली आणि आणखी एक बशी पोहे मागितले.

ते लग्न प्राणहितेच्या दोन काठांचं होतं. आम्ही अलीकडं, पोरीचं सासर पलीकडं, तेलुगू मुलखात. पूल तेव्हा नव्हता. वऱ्हाड नावेतून यायचं आणि ते आणायला आमच्या घरच्या रीतीनं नवरीच्या मामानं जायचं. हा म्हणाला, "माझी भाची आहे. इवाई वाजतगाजत येतील." इवाई म्हणजे व्याही. आणि त्यानं जनरेटर, भोंगा, रंगीत दिव्यांची माळ, सगळं नावेत चढवलं. मी कपाळाला हात लावला. निघताना बायकोनं मला भिंतीआड बोलावलं. आई-बाप गेल्यावर माहेर म्हणून तिला हा एकच उरला होता. ती म्हणाली, "तुमचं तोंड लय फटकळ आहे. आज माझ्या भावाचं इवायासमोर हसं झालं तर मले घास जाणार नाई. सांगून ठेवते. त्याले सांभाळून आणा." पोरीच्या लग्नात आईनं जेवायचं नाही, म्हणजे काय राहिलं? मी होय म्हटलं आणि नावेत बसलो.

जाताना भोंगा असा वाजला की पाण्यावरची बदकं उडाली. पलीकडं पोचल्यावर यानं पेट्रोल वाचवायला मशीन बंद केलं. दिवस मावळताना वऱ्हाड चढलं. व्याह्यांना मानाची जागा म्हणून मागच्या बाजूला, जनरेटरजवळ, सतरंजी घातलेली होती. ते बसले. हा कमरेला उपरणं बांधून पुढं झाला आणि त्यानं दोरी ओढली. फुस्स. पुन्हा ओढली. फुस्स. टाकी बघितली, भरलेली. प्लग काढला, पुसला, हुंगला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर चाटला. नवरदेवाच्या बहिणीनं तोंड फिरवलं.

"एमैंदी?" व्याह्यांनी विचारलं. काय झालं, असं.

"काही नाई, इवाईबुवा. लाजून राह्यला," हा म्हणाला. "नवीन माणसं पाहिली ना."

मग त्यानं नावाड्याच्या मदतीनं मशीन खाली रेतीवर उतरवलं. पहिल्याच ओढीला भडभडून चालू. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चालू मशीन तसंच उचलून नावेत ठेवलं, तर खोकून बंद. पुन्हा रेतीवर नेलं, चालू. नावेत आणलं, बंद. नावाडी म्हणाला, नदीला नारळ पाहिजे असेल. नारळ फोडला. मशीननं नारळाकडं बघितलंही नाही. नवरदेवाच्या बाशिंगाखालून घाम गळत होता. आणि व्याह्यांकडची माणसं आपसात तेलुगूत काहीतरी बोलून हसत होती. भाषा मला येत नव्हती, हसू कळत होतं. माझ्या जिभेवर एक शिवी आली, ती मी गिळली. बायकोचा उपाशी चेहरा डोळ्यांसमोर होता.

"सोडा नाव," मी म्हणालो. "तसंच जाऊ."

"मामानं मुकं न्यायचं वऱ्हाड?" हा म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा बारीक निघाला. ते ऐकून मला माझी लाज सोडून त्याचीच कीव आली आणि राग आणखी वाढला.

नाव मध्यावर आली तरी हा दोरी ओढतच होता. उपरणं सुटलं, हाताला फोड आले. शेवटी व्याही वैतागले. "बावागारू," म्हणजे व्याहीबुवा, असं ते मला म्हणाले आणि पुढचं बोलायला उठून नावेच्या मधोमध आले. त्याच ओढीला मशीन चालू झालं. माळ लागली, भोंगा किरकिरला. व्याही दचकून जागेवर जाऊन बसले. मशीन बंद. ते पुन्हा उठले, यानं ओढलं, चालू. बसले, बंद.

माझा साळा त्यांच्याकडं बघत राहिला. मग वाकून नावेच्या काठाकडं बघितलं. व्याही बसले की नाव त्या अंगाला कलत होती. मशीनच्या पोटात तेल असतं, ते हा कायम जेमतेम घालायचा. मशीन कललं की तेल एका कोपऱ्यात जाई आणि आतला खटका समजे की तेल संपलं, म्हणून तो मशीन चालू होऊ देत नसे. हे त्यानं मला नंतर समजावलं. तेव्हा त्यानं व्याह्यांना हाताला धरून उठवलं, मधोमध उभं केलं, मशीन चालू केलं, माईक तोंडाशी नेला आणि दोन्ही काठांना ऐकू जाईल असं पुकारलं, "हॅलो, हॅलो! सगळ्या मंडळींना कळवण्यात येते की बिघाड सापडला आहे. नवरदेवाच्या वडिलांना विनंती, कृपया काठ येईपर्यंत बसू नये!"

मी पाण्यात उडी टाकायचं मनात आणलं. पोहता येत होतं, म्हणून त्यात अर्थ नव्हता. व्याह्यांचं तोंड लाल झालं. तेवढ्यात आमची विहीणबाई, जी नावेत चढल्यापासून एक शब्द बोलली नव्हती, ती मोडक्या मराठीत म्हणाली, "घरात बी तसंच. हे बसले की कोणाचं काय चालत नाई." आणि हसत सुटली. मग नवरदेव हसला, नावाडी हसला. व्याह्यांनी बायकोकडं बघितलं, आपल्या पोटाकडं बघितलं आणि धरायला दुसरं काही नव्हतं म्हणून माझ्या साळ्याच्या खांद्यावर हात टाकला. तसेच ते दोघं गळ्यात गळा घालून उभे, माळेच्या लाल-हिरव्या उजेडात, काठाला लागेपर्यंत.

काठावर माझी बायको ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हसू दाबताना तिच्या हातातलं ताट असं हिंदकळत होतं की निरंजन विझायला आलं. पदर तोंडात कोंबला होता तरी डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं आधी जावयाला ओवाळलं, मग व्याह्यांना, मग रीत सोडून भावाला. त्या दिवशी ती दोनदा जेवली. विहिणीबरोबर एकदा, भावाबरोबर एकदा.

ती गेली, त्याला आता फार दिवस झाले नाहीत. तेरवीला हा न बोलावता जनरेटर घेऊन आला. गावात वीज होती, पण म्हणाला, "अक्काच्या कामाले मधातच लाईन गेली तर?" दिवेलागणीला पंगत बसवायची होती. लोकांना बसायला सांगायचं म्हणून यानं माईक धरला. "हॅलो," म्हणाला. पुढं आवाजच निघेना. पुन्हा "हॅलो." मांडवात दोघं-तिघं खुसखुसले, त्यांना वाटलं हा नेहमीची काही गंमत करतोय. मी उठलो, त्याच्या हातातला माईक घेतला. मला माईकवर बोलता येत नाही. मी म्हणालो, "बसून घ्या सगळे. माझा साळा सांगून राह्यला आहे." एवढंच.

माणसं पांगली. पोरगी भांडी आवरून आत गेली. घरात कोणी बोलत नव्हतं आणि तसं घर मी कधी ऐकलं नव्हतं. तो मशीन बंद करायला वाकला.

"राहू दे," मी म्हणालो.

"पेट्रोल जाते, भाऊजी."

"जाऊ दे."

तो माझ्याजवळ येऊन बसला. मशीनच्या भडभडीत कोणाचं काही ऐकू येत नव्हतं, त्याचंही नाही, माझंही नाही. टाकी संपेपर्यंत आम्ही तसेच बसलो.