फेस लावलेला फुगा

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे परीक्षक म्हणतात. तोंडावर नाही. तोंडावर म्हणायची हिंमत कोणात नाही, कारण आपली मान त्याच्या हातात असते. माझं औषधांचं दुकान त्याच्या भिंतीला भिंत लावून आहे आणि मी दाढीही त्याच्याकडेच करतो. तेव्हा ही हकिगत ऐकीव नाही.

नाव पडलं ते फुग्यांवरून. काम शिकायला येणाऱ्याला तो आधी फुगा द्यायचा. शिकणाऱ्याने तो फुगवायचा, वर साबणाचा फेस थापायचा आणि वस्तऱ्याने तो फेस उतरवायचा. फुगा फुटला की नापास. कोणी म्हणालं फुगाच खराब होता, तर परीक्षक म्हणायचा, "फुगा खराब नसतो, हात खराब असतो." कोणी पंख्याचं नाव काढलं, तर म्हणायचा, "गिऱ्हाईक पंख्याखालीच बसतं."

त्याची मुलगी त्याच्याच दुकानात केस कापते, आणि झकास कापते. फुग्यांची परीक्षा तिने केव्हाच पार केली होती. तरी वस्तरा काही तिच्या हाती येईना. "अजून हात बसायचाय," हे बापाचं पालुपद चालूच. घरी लाड करणारा आणि दुकानात नापास करणारा माणूस एकच असला, की भांडायचं कुठे हेच कळत नाही. ती कात्री चालवत राहायची.

मध्यंतरी त्याने मला कापलं. कानाखाली, चांगलंच. "मान हलवलीस," तो म्हणाला. माझी मान हलली नव्हती. त्याच्या हातात वस्तरा असताना मी श्वासही जपून घेतो. पण वाद कुठे घालणार? तुरटी लावून घेतली आणि दुकानात येऊन स्वतःलाच कापूस विकला. मग पोस्टमन आला, हनुवटीला लावायला पट्टी मागत. मग शाळेचा शिपाई. दोघांच्याही माना हलल्या होत्या म्हणे. गल्लीत मान हलायची साथच आली होती.

मुलगी आरशात सगळं बघत होती. एका दुपारी जेवायला घरी जाताना ती बापाला म्हणाली, "बाबा, तुमचा हात थरथरतो."

"तुला काय कळतंय?"

तिने फुग्यांचं पाकीट काउंटरवर ठेवलं. "मला नाही कळत. तुम्हीच बघा." आणि गेली.

सलूनचं शटर अर्धं खाली आलं. भिंतीपलीकडून पहिला फटाका ऐकू आला तेव्हा माझ्या हातून खोकल्याची बाटली निसटता निसटता राहिली. मागोमाग त्याचा आवाज, "फुगाच खराब." थोड्या वेळाने दुसरा. "पातं बोथट आहे." तिसऱ्यानंतर पंख्याचं बटण खट्‌कन वाजलं. पंखा बंद असतानाही पुढचा फुगा फुटलाच. माझ्याकडे आलेल्या बाईंनी विचारलं, "शेजारी वाढदिवस आहे का हो?"

"परीक्षा आहे," मी म्हटलं.

मग बराच वेळ काहीच ऐकू येईना. न राहवून मी शटरखालून वाकून आत गेलो. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसला होता. शर्टावर फेस, भुवयांवर फेस, मांडीवर फुग्याच्या चिंध्या. आरशासमोर उभं राहण्यात त्याचा जन्म गेला होता, पण त्यात तो बघायचा दुसऱ्यांची तोंडं. आता उजवा हात पुढे धरून स्वतःकडे बघत होता. हात हलत होता. मला फार वाईट वाटलं.

"तुझी मान हलली नव्हती," तो आरशातूनच म्हणाला.

"माहीत आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"वस्तरा तुझ्या हातात होता."

हे त्याला पटलं असावं. तेवढ्यात मुलगी जेवून आली. खाली पडलेल्या चिंध्या तिने पाहिल्या. तो खुर्चीतून उठलाही नाही. म्हणाला, "वस्तरा घे."

"कोणाची करायची?"

"माझी."

तिने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, नवं पातं घातलं. पहिला हात फिरला आणि तो सवयीने म्हणाला, "अगं, पात्याचा कोन..." तिथेच थांबला. तिने विचारलं, "काय?"

"काही नाही. तुझं तू बघ."

तिचे डोळे भरून आले होते, पण हात जराही थरथरला नाही. दाढी झाल्यावर त्याने गालावरून तळवा फिरवला, उलटा फिरवला, पुन्हा फिरवला. त्याला कुठेतरी एखादा खुंट सापडावा अशी फार आशा होती, असं मला वाटलं. तो सापडला नाही.

"दाढ्या आजपासून तुझ्या," तो म्हणाला. "मी केस तेवढे कापतो."

"आणि कात्रीनेही कोणाला लागलं तर?"

तो कापड झटकत उठला. "तर मी म्हणेन, गिऱ्हाइकाची मान हलली," तो म्हणाला. "तू ऐकू नकोस."