शाई पिणारा प्रिंटर आणि सुमनकाकी

आमच्या दुकानात शाई टिकत नाही, किस्से मात्र टिकतात. शाई संपली की बोईसरला जावं लागतं. किस्से आपल्या पायांनी चालत येतात आणि बसायला स्टूल मागतात!

दुकान म्हणजे बोईसरजवळच्या सालवडला सुमनकाकींचं ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान, आणि त्यातल्या कोपऱ्यात माझं टेबल. काकी सांगलीकडच्या. काका कंपनीत, शिफ्टमध्ये. मी बी.कॉम. आणि भित्री. कुकरच्या शिट्टीलासुद्धा दचकते. कंपनीच्या ऑफिसात मिळालेली पहिली नोकरी मी भोंग्याच्या धसक्याने सोडली. काकींच्या दुकानात भोंगा नव्हता, म्हणून इथे टिकले.

फोटो, बारशाची कार्डं, शाळेच्या वह्यांची लेबलं अशी कामं घेऊ या, असं मीच काकींच्या डोक्यात भरवलं. कंपनीच्या क्वार्टरमधल्या एका कुटुंबाची बदली झाली होती. त्यांचा जुना कलर प्रिंटर अगदी मातीमोल भावात मिळाला. देताना त्या मॅडम जरा जास्तच गोड हसल्या. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी शाई आणायला बोईसरला गेले. दुकानदाराने कार्ट्रिजची किंमत सांगितली.

मी म्हटलं, "दोन नकोत, एकच द्या."

तो म्हणाला, "ताई, एकाचीच सांगतोय!"

ती किंमत प्रिंटरपेक्षा जास्त होती. हे काकींना सांगताना मी आधी दोन घोट पाणी प्यायले. काकींनी शांतपणे सुईत दोरा ओवला.

"गणपतीपर्यंत बघू. ह्याच्या शाईचा खर्च ह्यानं काढला तर ऱ्हाईल. न्हाई तर हा भंगारात, आन् तू काज-बटणाच्या मशीनवर!"

काज-बटणाचं मशीन चालू झालं की खडाखडखडाखड असा आवाज येतो. मी रोज दुकानात आल्याबरोबर प्रिंटरला हात जोडायला लागले.

*

पहिले काही दिवस जो येईल तो प्रिंटरची किंमत विचारायचा, मग शाईची विचारायचा आणि मग विजयी चेहऱ्याने म्हणायचा, "म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!" जणू हे त्यालाच पहिल्यांदा सुचलंय!

काकींचा पारा चढला. "एक पाटी कर गं. इथं कोंबडीचा विषय काढू नये!"

मी उत्साहाने केली. लाल अक्षरं, पिवळी जमीन, कडेला निळी नक्षी, आणि कोपऱ्यात मस्त तुरेवाली कोंबडी. पाटी बाहेर आली. काकींनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्या एका कोंबडीला किती मसाला लागला?"

*

आमच्याकडे लाइट जाते आणि येते. लाइट आली की प्रिंटर आपोआप जागा व्हायचा. घर्रर्र... खट्... खट्... घर्रर्र! हे मला माहीत नव्हतं. एकदा काकी एका बाईंचं माप घेत होत्या, मी खाली वाकून पिना वेचत होते, आणि लाइट आली.

मी "अगं आई गं!" करून अशी किंचाळले की त्या बाईही उडाल्या, टेप सुटली, आणि काकींनी घाईत भलताच आकडा लिहिला. ब्लाउज त्याच मापाने शिवला गेला.

बाई घेऊन गेल्या ते आठवड्याने परत आल्या. मी पडद्यामागे लपले.

"काकी, आयुष्यात पहिल्यांदा ब्लाउजमध्ये नीट श्वास घेता आला हो! पुढच्या मापाला पण त्या पोरीला ओरडायला सांगा!"

पुढे कार्ट्रिजवाल्याकडून कळलं, की जागा होताना प्रिंटर स्वतःचं तोंड धुतो आणि त्यातही शाई पितो. म्हणजे लाइट आली की आमचं नुकसान!

काकी म्हणाल्या, "आमचे हे नाइट करून आले की असेच घरघरतात. पण चहावर भागतं त्यांचं!"

*

मग मी शाई वाचवायला लागले. इतकी, की कलरचं काम आलं तर "ब्लॅक अँड व्हाइट जास्त उठून दिसतं" असं सांगायचे. बरेच दिवस रंग वापरलाच नाही. आणि एक दिवस गेटपाससाठी फोटो काढायला एक भैया आला. फोटो बाहेर आला तो हिरवा! शाईतला गुलाबी रंग वाळून बसला होता.

भैयाने फोटो हातात घेतला आणि घाबरून विचारलं, "दीदी, मैं बीमार हूँ क्या?"

मी त्याच्याहून घाबरले. "नहीं नहीं, प्रिंटर बीमार है! दुसरा देती हूँ!"

त्याने पुन्हा फोटो पाहिला आणि एकदम खूश झाला. "रहने दो. मैं रंग की कंपनी में हूँ. सेठ को लगेगा, खूब काम करता है!"

*

कार्ट्रिजवाल्याने वाळलेला गुलाबी मोकळा करून दिला आणि वर कानमंत्र दिला, "ताई, रोज एक पान कलर काढायचं. नाही काढलं तर शाई वाळते."

म्हणजे वापरली तर संपते आणि नाही वापरली तर वाळते! मला रडूच आलं. काकी मात्र म्हणाल्या, "मग काय झालं? सकाळी देवापुढं दिवा, आन् ह्याच्यापुढं कागद!"

तेव्हापासून उदबत्ती लावली की मी एक छोटी रंगीत रांगोळी छापायची आणि काकींनी ती दाराला चिकटवायची. शेजारणी ती बघून आपापल्या अंगणात काढायच्या. कालचं पान दुकानाशेजारी मासे विकायला बसणारी घिवली गावची मावशी मागून न्यायची.

"पोरी, आज कंचा रंग हाय? काल निला व्हता, आमाला नाय आवडला!"

ती त्या पानाचं काय करते, ते एका गिऱ्हाइकामुळे कळलं.

"मावशी, हे पापलेट गुलाबी कसं?"

मावशीने ओला कागद पटकन टोपलीखाली सारला. "ताजं हाय ना बाय, मानूस बघून लाजलं!"

*

गणपती जवळ आले आणि शाई संपली. नेमके आरतीच्या कार्डांचे दिवस, आणि नवी कार्ट्रिजं घ्यायची तर सगळी कमाई त्यातच जाणार. काकींनी शब्द पाळला. भंगारवाल्या रामसुरतला हाक मारली. मी काज-बटणाच्या मशीनकडे पाठ करून उभी राहिले.

रामसुरतने प्रिंटर काट्याला अडकवायला उचलला आणि थबकला. "भाभी, ये तो चालू है ना?"

"चालू आहे," मी म्हटलं. "शाई नाही फक्त."

"रुको." तो टेम्पोकडे गेला आणि परत आला तो हुबेहूब तसाच प्रिंटर घेऊन! "आज ही उठाया. साहब बोले, स्याही महँगी है, इससे अच्छा नया मशीन. अंदर स्याही वैसी की वैसी है. लेना है तो वजन से दूँगा."

मी झाकण उघडलं. दोन्ही कार्ट्रिजं जवळजवळ भरलेली! मी इतक्या जोरात किंचाळले की बाहेर मावशीच्या हातातला कोयता थांबला.

"आता काय झाला गं तुला?"

"मावशी, शाई! शाई!"

रामसुरतने तो काट्याला अडकवून वजन सांगितलं आणि काकींनी घासाघीस न करता पैसे मोजले. मी त्यातली कार्ट्रिजं काढून आमच्या प्रिंटरमध्ये बसवली आणि आमची रिकामी त्यात. घर्रर्र... खट्... खट्... आणि रांगोळी आली. गुलाबीसकट! मी दचकले नाही.

काकींनी मात्र त्या रिकाम्या प्रिंटरला खालून हात घातला आणि तो उचलून रामसुरतपुढे ठेवला.

"हं. आता ह्यो भंगारात घे."

"भाभी, ये तो अभी मैंने..."

"तू तोल तर!"

त्याने काट्याला अडकवला. काट्याकडे पाहिलं. डोळे चोळून पुन्हा पाहिलं.

"वजन तो उतना ही है!"

काकींनी हात पुढे केला. "मग पैसेबी तेवढेच दे!"