चादरीतली सुई

समजा, शस्त्रक्रियेच्या खोलीतून आलेल्या चादरींचं ओलं गाठोडं तुमच्यासमोर आहे. गाठ सोडायची, एकेक चादर झटकायची, पिंपात टाकायची. हातात भांडी घासायचे रबरी मोजे, तेही बोटांशी फाटलेले. घडीत कुठेतरी सुई असू शकते. ती डोळ्यांना दिसत नाही, हातालाच सापडते. करा सुरुवात.

हेल्दा ओइफानेला ही बाई लग्नाआधीपासून हे काम करते. मलाइता बेटावरच्या आमच्या मिशनच्या इस्पितळात धुलाईखोली म्हणजे हेल्दामावशी. धिप्पाड बाई, सुपारी-चुन्यानं लाल झालेलं तोंड आणि वॉर्डापर्यंत पोचणारा आवाज. "अगं सिस्टर, तुझी सुई माझ्याकडे माहेरपणाला आलीय, घेऊन जा!" वॉर्डात हशा पिकायचा. टोचलेलं बोट ती नळाखाली धरायची आणि पुढची चादर उचलायची. सुया येतच राहिल्या.

मी इथे प्रयोगशाळेत लागायच्या आधी एकदा हिपॅटायटिस बीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची लस आली होती. कर्मचाऱ्यांच्या रांगेत मावशीही बाही वर करून उभी राहिली. सिस्टर म्हणाली, "मावशी, ही आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी आहे. तू धुलाईची."

"मग सुईला सांग ना, मी धुलाईची आहे म्हणून!"

लोक तेव्हाही हसले. ती बाही खाली करून परत गेली. मला मात्र रुजू होतानाच लस मिळाली. मी मोजे घालून, टेबलाशी बसून रक्त हाताळतो, म्हणून मी कर्मचारी. तेच रक्त चादरीला लागलं की ते धुणारी बाई कुणीच नाही. हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं?

गेल्या वर्षी मावशीच्या भाचीला बाळंतपणात रक्त लागलं. मावशी ओल्या हातांनीच धावत आली. "घे रे हवं तेवढं, माझ्यात पुष्कळ आहे." रक्त घेण्याआधी मी तपासलं. पट्टीवर दोन रेघा उमटल्या. भाची दुसऱ्याच्या रक्तावर वाचली. मावशीच्या अंगात मात्र तोच विषाणू निघाला, ज्याच्या लशीच्या रांगेतून तिला हाकललं होतं.

उपचारासाठी बोटीनं राजधानीला जायला हवं होतं. आजार कामातून लागला असं इस्पितळानं मान्य केलं, तरच इस्पितळ खर्च करून तिला पाठवणार. आम्ही दोघं व्यवस्थापक जोसाया इरोमेयाकडे गेलो.

"मावशी, हा आजार आपल्याकडे घरोघरी आहे," तो खुर्चीत रेलून म्हणाला. "बहुतेकांना जन्मतानाच लागतो. तुलाही तुझ्या आईनंच दिला असणार."

शास्त्राच्या हिशेबानं हे अशक्य नव्हतं. पण मलाइतात मेलेल्या आईवर असा ठपका ठेवला, तर भरपाई द्यावी लागते. जोसायाही इथलाच. बोलून गेल्यावर त्याचं तोंड उतरलं. मावशी उठून चालती झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे दोघे भाऊ मांडीवर कोयते ठेवून इस्पितळाच्या आवारात, फणसासारखं फळ देणाऱ्या झाडाखाली येऊन बसले. जोसाया लाल शंखमण्यांची लांब माळ घेऊन आला. आमच्याकडे भरपाई अशीच देतात.

"तोंडातून गेलं, मावशी. तुझ्या आईची माफी मागतो. घे ही."

"घे, हेल्दा," थोरला भाऊ म्हणाला.

मावशीनं माळ हातात धरली. "घेतली की प्रकरण मिटलं. मग यावर मी पुन्हा तोंड उघडायचं नाही. असंच ना?"

"रीतच आहे ती," जोसाया म्हणाला.

"मग नको." तिनं माळ जोसायाच्याच गळ्यात घातली.

"लग्न लावतेस काय त्याच्याशी?" धाकटा भाऊ पुटपुटला. कुणी हसलं नाही.

"मी इथे आले तेव्हा पोरसवदा होते," मावशी म्हणाली. "पहिल्या दिवशी माझं थेंबभर रक्त तपासलं असतं, तर हे आधीचं की इथलं, ते आज कळलं असतं. ते केलं नाहीत. सुया पाठवल्यात, लस दिली नाहीत, आणि आता सगळं माझ्या आईच्या माथी मारता? ती तर उत्तर द्यायला उठूनही येणार नाही!"

मग ती माझ्याकडे वळली. "तू सांग रे, शिकलायस ना?"

"पट्टी 'आहे' एवढंच सांगते, मावशी. कधीपासून, ते नाही सांगत."

बोटीचं तिकीट अजून निघालेलं नाही. जोसाया म्हणतो, माळ घे, मग बघू. मावशीच्या हातातले मोजे अजून तेच आहेत. मी धुलाईखोलीवरून गेलो की ती चादर तशीच धरून मला थांबवते आणि विचारते,

"माझ्या आईनं दिलं, की तुम्ही?"