अकरा क्रमांकाचा निवडुंग

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी पेन्सिल घेऊन प्रथमच एका झाडासमोर बसलो, आणि नागोयातल्या एकाही मराठी माणसाला हे कळू नये याची काळजी घेतली. कार्यालयात माझ्या हाताखाली पुण्याचे चार इंजिनिअर आहेत. अहवालातला चुकलेला स्वल्पविरामही मी खपवून घेत नाही, असा माझा लौकिक. तो माणूस रविवारी गोल निवडुंग खोडत बसतो, हे मला शोभेसे वाटत नव्हते.

शहराबाहेरच्या वनस्पती उद्यानात वाळवंटी झाडांचे मोठे काचघर आहे. तिथे चित्रकलेचा वर्ग भरतो, आणि दर वसंतात परिसरातल्या हौशी मंडळींची चित्रे त्या निवडुंगांच्या मधल्या वाटेवर मांडतात. वर्गात माझ्या शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक जपानी बाई बसत. निवडुंगाच्या कडा वर जाताना कशा वळतात, हे त्यांनी मला दोन महिने न कंटाळता दाखवले. अलीकडे त्यांचा उजवा हात थरथरे. चित्रे तरीही सुरेख होत.

ज्याचे चित्र, त्याने अर्धा दिवस स्वागताच्या टेबलाशी बसायचे, असा प्रदर्शनाचा नियम. आम्हा दोघांची पाळी एकत्र आली. चित्रांखाली फक्त क्रमांक होते. नावांची यादी टेबलावर.

दुपारी माझ्या विभागातला एक तरुण बायकोसह आत आला.

"सर, तुम्ही इथे? तेही बिल्ला लावून?"

"जरा मदतीला आलोय," मी म्हणालो.

त्याची बायको पुढे गेली आणि नेमकी अकरा क्रमांकापाशी थांबली. "अहो, हे बघा. निवडुंग आहे की फणस?"

"फणसाला निदान आकार असतो," तो म्हणाला.

"काका, कोणी काढलंय हो हे?" तिने मला विचारले.

यादी माझ्या तळहाताखाली होती. मी बोटही उचलले नाही. डोळ्यांनीच शेजारच्या बाईंकडे खूण केली. "ह्यांनी. वय झालंय, हात थरथरतो त्यांचा."

समोरच्या माणसाविषयी त्याच्या तोंडावर मराठीत बोलायचे, ही सवय आम्हा सगळ्यांना इथे लागते. ट्रेनमध्ये, दुकानात, सगळीकडे. ती इतकी कामाला येईल असे वाटले नव्हते.

बिचारी मुलगी ओशाळली. बाईंसमोर वाकून, येत होते तेवढ्या जपानीत तिने चित्र फार सुंदर असल्याचे सांगितले. बाई उठून तिच्याहून खाली वाकल्या आणि माझ्याकडे हात करून जपानीत म्हणाल्या, "हो ना? आठ वेळा काढलं ह्यांनी. मी चांगलं म्हटलं तर पटत नाही. तुम्ही म्हणालात, बरं झालं."

तो तरुण जपानी ग्राहकांच्या बैठका एकट्याने चालवतो. त्याने माझ्याकडे पाहिले, मग फरशीकडे.

"काय म्हणतायत?" बायकोने विचारले.

"आभार मानतायत," तो म्हणाला.

सोमवारी तो सहीसाठी कागद घेऊन आला. मी दार लावले. "ते चित्र माझं होतं."

"हो, सर."

"घरी सांगितलंत?"

"नाही. पण ती म्हणते, आपण त्या आजींना हसलो, वाईट वाटतंय. त्यांच्यासाठी लाडू केलेत. तुमच्याबरोबर पाठवायचेत." कागद उचलत तो म्हणाला, "तिला तुम्हीच सांगा, सर." इतक्या वर्षांत त्याने मला काही करायला सांगितल्याचे मला आठवत नाही.

संध्याकाळी मी तिला फोन केला. सगळे सांगून टाकले. मग तिने सरळपणे विचारले, "मग लाडू आता त्यांना कशाबद्दल म्हणून देऊ, काका?"

"मी देतो," मी म्हणालो. "कारण सांगून देतो."

पुढच्या वर्गात डबा पुढे ठेवून मी सारे सांगितले. शब्द आदल्या रात्री वहीत लिहून पाठ केले होते, तेवढेच क्रमाने म्हटले. फणसाचे ऐकून बाई खळखळून हसल्या. त्यांनाही तो प्रथम भोपळा वाटला होता म्हणे. मग मी हाताचे सांगितले.

त्यांनी क्षणभर स्वतःच्या हाताकडे पाहिले. "थरथरतो, हे खरंच आहे," त्या म्हणाल्या, आणि एक लाडू खाऊन तो फार छान झाल्याचे मुलीला कळवायला सांगितले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्या दिवशी त्यांनी कागद काढलाच नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून, मी काढत असलेल्या निवडुंगाकडे पाहत त्या वर्ग संपेपर्यंत बसून राहिल्या.