कानामागून आलं

गल्लीत त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचा तो कानसेन मिस्त्री. गाणं ऐकून मान डोलवणारे कानसेन वेगळे, हा इंजिन ऐकायचा. गाडी कोपऱ्यावर वळली की बॉनेटमधून डोकं वर न काढता म्हणायचा, तिसऱ्याचा प्लग गेलाय, आणि तिसऱ्याचाच गेलेला असायचा. गिऱ्हाईक तक्रार सांगायला तोंड उघडे, तर हा हात वर करून त्याला गप्प करी आणि म्हणे, तुम्ही नका बोलू, तिला बोलू द्या. माणूस तऱ्हेवाईक, पण हातचं काम चोख.

आणि टायमिंग म्हणजे काय, हे तर तो नको म्हटलं तरी समजावून सांगे. इंजिनात पिस्टन हवा आणि पेट्रोल दाबत वर येतो, आणि पुरता वर यायच्या अगदी जरा आधी ठिणगी पडावी लागते. लवकर पडली तर इंजिन खडखडतं, उशिरा पडली तर पेंगतं. चार सिलिंडरांतल्या कुणाला ठिणगी कधी द्यायची ते ठरवतो डिस्ट्रिब्युटर, खाली दांडा, वर काळी टोपी. "माझ्या धंद्यात टोपी एवढीच," असं तो वर म्हणायचा, "बाकीचे ती गिऱ्हाइकाला घालतात."

आता यात एक मेख आहे, आणि ती नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरच झालं. पिस्टन वर येतो दोनदा. एकदा हवा दाबत, एकदा धूर बाहेर ढकलत. इंजिनाच्या पुढच्या पुलीवरची खूण दोन्ही वेळा समोरच्या रेषेशी तशीच्या तशी जुळते. यातली खरी वेळ कुठली, हे खूण सांगत नाही. ते सांगतो अंगठा. पहिला प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबून धरायचा, आणि इंजिन हाताने फिरवायचं. हवेने अंगठा उचलला की ती खरी वेळ.

हा अंगठा बायकोचा. लग्न होऊन ती आली त्याच आठवड्यात मदतनीस पळून गेला होता, आणि याने नव्या नवरीला बाहेर बोलावून म्हटलं, इथे जरा अंगठा ठेव. माहेरी तिने अंगठा वापरला तो सुईत दोरा ओवायला. हवेचा फुसकारा आला तशी ती दचकली आणि ओरडली, "आलं!" झालं, त्या दिवसापासून गॅरेजचा तोच शब्द ठरला. तो समोर वाकून मोठ्या पान्याने इंजिन फिरवणार, ती बाजूला उभी राहून अंगठ्याने ऐकणार, आणि म्हणणार, आलं. मग तो खुणेपर्यंत हळूहळू नेणार. बायकोच्या या एका शब्दावर त्याने किती गाड्यांना डिस्ट्रिब्युटर बसवले असतील, मोजायची सोय नाही.

आणि अशा माणसाचे कान गेले. एकदम नाही, हळूहळू, दिवा मिणमिणत जावा तसे. आधी पाखरं गेली, मग दाराची कडी, मग माणसं नुसतीच पुटपुटायला लागली. याला वाटायचं, आपलं गुपित कुणालाच कळलेलं नाही. अख्खी गल्ली त्याच्याशी हातवारे करून बोलत होती, तरी याला वाटायचं, लोक हल्ली फार हात नाचवतात. भिंतींना कान असतात म्हणतात. याच्या गॅरेजच्या भिंतींना असतीलही, पण याला नव्हते.

लेक कान तपासण्याच्या दवाखान्यातच कामाला होती, म्हणजे काखेत कळसा. तिने कानात घालायचं यंत्र आणून दिलं, तर याने डबी उघडलीसुद्धा नाही. ते म्हाताऱ्यांसाठी असतं म्हणाला. मग एक दिवस गाडी मागे घेताना मागून बायको "थांबा, थांबा" म्हणत राहिली आणि याने ऑइलचं पिंप पार चेपवलं. बायको वीतभर अंतराने वाचली. त्या दिवशी लेक भडकली. म्हणाली, बेकरीवाल्याची जुनी गाडी तुमच्याकडे आली आहे ना, ती दुसऱ्या मिस्त्रीला न बोलावता चालू करून दाखवा, मी पुन्हा शब्द काढणार नाही. नाही झाली तर शटर खाली, आणि दोघांनी माझ्याकडे राहायला यायचं. चौथ्या मजल्यावर. गॅलरीतून खालच्या गाड्या दिसतात, हेही तिने वर सांगितलं. मिस्त्रीने ताठ मानेने कबूल केलं.

गाडी बेकरीवाल्याच्या वडिलांची, किती वर्षं धूळ खात पडलेली. इंजिन खोलून, धुऊन, जुळवून झालं होतं. डिस्ट्रिब्युटर बसवला की संपलं. ठरलेल्या सकाळी बेकरीवाला पिठाच्या हातांनीच येऊन स्टुलावर बसला. लेकही आली, आणि निकाल लागेपर्यंत चहा तरी करावा म्हणून आत गेली. गॅरेजच्या मागे लगेच स्वयंपाकघर, मध्ये एक उघडं दार.

मिस्त्रीला तर स्फुरण चढलं होतं. बाह्या सरसावून त्याने पाना लावला. बायकोने पदर खोचला आणि अंगठा ठेवला. इंजिन फिरायला लागलं. त्याची नजर पुलीवर, आणि उरलेसुरले कान त्या एका शब्दावर. आणि आलाच शब्द, बाईमाणसाच्या आवाजात, पुसट पण नक्की: आलं. खूणही समोरून येतच होती. त्याने ती रेषेवर आणली, डिस्ट्रिब्युटर खाली सोडला, आतला फिरता दांडा पहिल्या वायरकडे तोंड करून बसला, वर टोपी चढवली, प्लग, वायरी सगळं जागच्या जागी. हात सराईत, कुठे अडखळले नाहीत.

बेकरीवाल्याने किल्ली फिरवली. इंजिन एकदा घुसमटलं आणि कार्बोरेटरमधून असा काही बार निघाला की बेकरीवाला सीटवरून उडाला आणि समोरच्या घरातली खिडकी बंद झाली. हा बार मिस्त्रीलासुद्धा ऐकू आला.

दुसऱ्यांदा पुन्हा बार. याने वायरींचा क्रम तपासला, बरोबर. डिस्ट्रिब्युटरमधला पॉइंट तपासला, ठीक. लेक चहाचा ट्रे घेऊन दारात येऊन थांबली होती. तिचा चेहरा जिंकल्याचा नव्हता, उलट रडवेला होता, आणि तेच याला जास्त लागलं.

"अगं," तो बायकोला म्हणाला, "तू आलं म्हणालीस तेव्हा अंगठा नीट उचलला गेला होता ना?"

बायको त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, मी कुठे म्हटलं? मी म्हणायच्या आधीच तुम्ही थांबलात. मला वाटलं, तुमचं तुम्हालाच कळलं."

"मग कोण म्हणालं?"

शेवटी लेकीने ट्रे खाली ठेवला. "मी विचारलं होतं," ती म्हणाली, मोठ्याने आणि सावकाश, "चहात आलं घालू का म्हणून."

कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, तसं हे आलं कानामागून आलं आणि चांगलंच झोंबलं. बेकरीवाल्याला हसू आवरेना, त्याने तोंडावर पिठाचा हात धरला. मिस्त्री मात्र हसला नाही. इंजिन चुकलं याचं त्याला दुःख नव्हतं. ज्या आवाजावर आपण उभा जन्म विसंबलो, तो आपल्याला स्वयंपाकघरातल्या आवाजापासून वेगळा कळला नाही, हे त्याच्या मनाला चावलं. सगळ्यांदेखत, आणि सगळ्यांना कळलं. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

पण गंमत अशी की लपवायला काही उरलं नाही की माणूस हलका होतो. क्षणभर तो बॉनेटला टेकून उभा राहिला आणि मग त्याच्या डोळ्यात चमक आली. चूक सापडली होती की. खूण जुळली होती ती धुराच्या वेळेची. म्हणजे ठिणगी बरोबर उलट्या फेऱ्याला पडत होती. इंजिनात काही बिघाड नाही, सगळं ठणठणीत, चुकला तो फक्त फेरा. त्याने पाना उचलला आणि बायकोला म्हणाला, चल, पुन्हा. या वेळी बोलू नकोस, पाठीत धपाटा घाल.

तिने एक अंगठा भोकावर ठेवला, दुसरा हात त्याच्या पाठीवर. पाना फिरला. हवा आली आणि तिने असा सणसणीत धपाटा घातला की त्यात वर्षानुवर्षांचे हिशेब चुकते झाले असावेत. मिस्त्रीने खूण रेषेवर आणली, डिस्ट्रिब्युटर पुन्हा बसवला, टोपी चढवली. बेकरीवाला किल्लीपाशी जायला धजेना. तेव्हा लेकच पुढे झाली आणि गाडीत जाऊन बसली. गाडी चालू झाली तर हरणार होती ती, तरी ॲक्सिलरेटर दाबत होती जीव तोडून.

इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, आणि लागलं की हो. सगळी गाडी थरथरायला लागली. बेकरीवाला टाळ्या वाजवत स्टुलाभोवती नाचला, पिठाचा ढग उडाला. पण मिस्त्रीने हात वर केला. चाल अजून पेंगुळलेली होती, हे त्याला बॉनेटवरच्या हाताला कळत होतं. डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवून वेळ नेमकी जुळवायची बाकी होती, आणि ते काम कानाचं. कानात तर नुसता गलका शिरत होता.

त्याने लांब पेचकस घेतला. टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ धरली दातात. जबड्यातून, कवटीतून इंजिन थेट आत शिरलं. एकेक ठोका सुटा, स्वच्छ. किती दिवसांनी गाडी त्याच्याशी बोलत होती. डोळे मिटून त्याने डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवला, खडखड आली, मागे घेतला, खडखड गेली, आणि चारी ठोके एका ओळीत चालायला लागले. त्याने बोल्ट आवळला. तोंडात पेचकस, म्हणून हसता येत नव्हतं, पण डोळ्यांतून पाणी आलं ते कुणापासून लपलं नाही.

लेकीने इंजिन बंद केलं आणि बाहेर आली. "जिंकलात, बाबा," ती म्हणाली. "शटर उघडंच राहू दे."

मिस्त्रीने दातातला पेचकस काढून पुसला. आणि मग, कुणी काही म्हटलेलं नसताना, म्हणाला, "ती डबी कुठे आहे?"

डबी लेकीच्या पर्समध्येच होती, रोज असायची. तिने यंत्र त्याच्या कानात बसवलं, बारीक चाक फिरवून आवाज जुळवला, टायमिंग लावलं म्हणा ना, आणि तो चमकून इकडेतिकडे बघायला लागला. स्टूल करकरलं ते ऐकलं. चहा गार झाला म्हणून बेकरीवाला पुटपुटला तेही ऐकलं. मग त्याने सगळ्यांकडे पाठ केली, तोंड भिंतीकडे, आणि फर्मान सोडलं की तुम्ही दोघींनी आलं म्हणायचं, एकेकीने, हवं त्या क्रमाने.

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. पाठीमागून आवाज आला, "आलं."

"हे चहातलं," मिस्त्री म्हणाला.

लेक खळखळून हसली. बायकोने पदराने अंगठा पुसला, पुढे झाली, आणि त्या पहिल्या आठवड्यात म्हटलं असेल तसंच, जरा दचकून म्हणाली, "आलं."

तो वळला नाही. भिंतीवर हात टेकून तसाच उभा राहिला, आणि म्हणाला, "पुन्हा म्हण."