शेवटचं पान आधी

धाकटीने नोकरी सोडली तेव्हा घरात कोणी आरडाओरडा केला नाही, हेच तिला जास्त जड गेलं. थोरल्या बहिणीने फोनवर "बरं केलंस, आराम कर" म्हणून विषय बदलला. आईने कपाटातला एक कप्पा मुकाट्याने रिकामा करून दिला. आणि बाबा म्हणाले, "दमली असेल. झोपू दे तिला." तेव्हापासून धाकटी अधिकृतपणे दमलेली होती. शेजारच्या काकूंना, जिन्यात भेटणाऱ्यांना, सगळ्यांना हेच सांगितलं जायचं, आणि लोक तिच्याकडे तापातून उठलेल्या माणसाकडे बघावं तसे बघायचे.

मुळात नोकरी कसली होती हेच कोणाला धड कळलं नव्हतं. कॉलेज संपता संपता मिळालेली, कन्सल्टिंगची. "दुसऱ्यांच्या कंपन्यांना सल्ला द्यायचा," तिने तेव्हा सांगितलं होतं.

"तू? सल्ला?" आई म्हणाली होती. "मी या घरात लग्न झाल्यापासून देतेय, कोणी कपभर चहा विचारत नाही."

बाबांना मात्र कोण कौतुक. त्यांची स्वतःची नोकरी एका मोठ्या कारखान्याच्या ऑफिसात, व्यवस्था विभागात. गाड्या, गेस्ट हाऊस, मोडक्या खुर्च्या, नवा माणूस आला की त्याचं टेबल कुठे लावायचं, हे सगळं बाबांकडे. घरात स्वतःचे मोजे सापडत नसत, पण ऑफिसात कोणाला काही हवं असलं की "त्यांना विचारा" असं सगळे म्हणत. लेक कंपन्यांच्या मोठ्या साहेबांना शहाणपण शिकवते, हे त्यांनी त्या प्रत्येक खुर्चीपर्यंत पोचवलं होतं.

पहिल्याच कामाच्या वेळी धाकटीने एक चूक केली होती. टीमच्या मॅनेजरने तिला अहवालाची फाइल पाठवली. आतली पानं कोरी, नुसते मथळे. शेवटचं पान मात्र भरलेलं: कुठले विभाग बंद करायचे, कुठले एकत्र करायचे. अजून त्या कंपनीत कोणी पाऊलही टाकलं नव्हतं. धाकटी लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेली आणि हळूच, त्याची चूक झाकावी तशा आवाजात म्हणाली, "सर, शेवटचं पान चुकून आधीच भरलं गेलंय."

आख्खं टेबल हसलं. मॅनेजर वाईट माणूस नव्हता, त्याने समजावून सांगितलं. उत्तर आधी लिहायचं, मग त्याला लागेल तेवढं गोळा करायचं. नाहीतर माणूस माहितीत बुडून मरतो. आणि चुकलं तर बदलता येतं की! तसं ते बदलताना तिने कधी पाहिलं नाही. पुढे कितीतरी दिवस टीममध्ये तिला "चुकून" हेच नाव पडलं. "चुकून, जेवायला येतेस का?"

मग ती शिकली. तिचं काम माणसांना भेटण्याचं. समोर बसायचं, "तुमचा दिवस कसा जातो?" विचारायचं, मान हलवायची, लिहून घ्यायचं, आणि उठताना म्हणायचं, "खूप उपयोग झाला." तिचा चेहराच असा, की माणसं भडाभडा बोलायची. कोणी घरून आणलेला डबा पुढे करायचं, कोणी ड्रॉवरमधले नातवंडांचे फोटो दाखवायचं. ती मान हलवायची. फर्ममध्ये तिचं नाव झालं. मग एकदा सुट्टीत घरी आलेली असताना आई गुडघ्याचं काही सांगत होती आणि मध्येच थांबली. "अगं, नुसती मुंडी काय हलवतेस? मी काय म्हणाले सांग." धाकटीला सांगता आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिने राजीनामा दिला. कारण लिहिलं, वैयक्तिक. फर्मच्या रिवाजाप्रमाणे जाताना तिची मुलाखत झाली. एका गोड बाईने विचारलं, मान हलवली, लिहून घेतलं आणि म्हणाली, "खूप उपयोग झाला." धाकटी लिफ्टमध्ये एकटीच हसली. मग रडली. यातलं काहीच तिने घरी सांगितलं नाही.

आणि आता, हाताला दुसरी नोकरी लागलेली नसताना, बाबा एका संध्याकाळी चपला काढता काढताच म्हणाले, "आमच्याकडे पण आलेत गं तुमचे लोक!"

"कोण आमचे?"

"सल्लावाले! फर्म वेगळीये, पण जात तीच. सगळ्यांना भेटणारेत. माझा नंबर परवा." त्यांचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या मुलासारखा फुलला होता. "चल, माझी तयारी करून घे. घरची मास्तरीण असताना मी नापास होऊ?"

जेवणाच्या टेबलावर तयारी सुरू झाली. धाकटी एका बाजूला, बाबा दुसऱ्या बाजूला, चष्मा पुसून.

"तुमचा दिवस कसा जातो?" तिने विचारलं. तोंडातून ते फर्ममधल्या त्याच सुरात आलं.

बाबा सुरू झाले. सकाळच्या गाड्यांपासून सुरुवात, मग गेस्ट हाऊसची गळकी टाकी, मग एका साहेबाला पाठदुखी होती म्हणून खुर्ची कशी मिळवली, मग त्या साहेबाचं लग्न मोडलं ते.

"बाबा, थोडक्यात."

"अगं, मुद्द्यावरच येतोय. मोडलं तेव्हा रात्रीच्या रात्री राहायला खोली कोणी दिली? मी!"

"हे सांगू नका."

"का? माणुसकीचं आहे ना?"

ती काय सांगणार? आटोपशीर बोलले तर काम थोडं म्हणतील, आणि हे असं पाल्हाळ लावलं तर पद्धत नाही म्हणतील. गाड्या, खुर्च्या, खोल्या ही कामं बाहेरच्यांना देऊन टाकायची, असं किती शेवटच्या पानांवर तिने वाचलं होतं. दोनदा तर स्वतः टाइप केलं होतं. "छान बोलताय," ती म्हणाली. बाबा खूश झाले.

ती उठून स्वयंपाकघरात आली. आई कणीक मळत होती. धाकटीने तिला सगळं सांगितलं, शेवटच्या पानासकट. आई मळता मळता ऐकत राहिली.

"आधीच ठरलंय, तर विचारायला कशाला येतात?"

"विचारलं होतं, असं म्हणता यावं म्हणून."

आईने कणकेचा गोळा उलटा केला. "म्हणजे मी रोज यांना भाजी काय करू विचारते, तसंच की. तोवर माझी फोडणी पडलेली असते."

धाकटीला हसू आलं आणि ते अर्ध्यात अडकलं. "सांगून टाकू त्यांना?"

"सांगून काय करतील?"

"तयार तरी राहतील."

"तयारच आहेत. शर्ट बघितलास? स्वतः इस्त्री केलाय. जन्मात कधी इस्त्री हातात धरली नव्हती. कॉलर जाळलीये, ती घडीत लपवलीये." आईने हात धुतले. "तुला थांबवता येत असेल तर सांग. येतं?"

"नाही."

"मग राहू दे."

ज्या दिवशी मुलाखत होती, त्या दिवशी धाकटीने घरभर फिरून पुसलेलंच फर्निचर पुन्हा पुसलं. कोणाला फोन करावा? मॅनेजरला? तो म्हणेल, आमचं काम नाही ते. आणि असतं तरी?

बाबा वेळेवर घरी आले. बूट न काढताच खुर्चीत बसले.

"कशी झाली?" आईने विचारलं.

"फस्क्लास! पोरगीच होती गं, आपल्या धाकटीएवढी. काय लक्ष देऊन ऐकत होती! प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. शेवटी म्हणाली, खूप उपयोग झाला."

धाकटी पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती.

"मी तिला सांगितलं, माझी मुलगी पण यातलीच, पण सोडलं तिने. तर काय, तिने पेनच बंद केलं. म्हणाली, काका, का सोडलं त्यांनी?"

"मग?" धाकटीने विचारलं.

"म्हटलं, दमली." बाबांनी ग्लास घेतला, पण प्यायले नाहीत. "पोरगी म्हणाली, हो का. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. मीच म्हटलं, विचारा पुढे."

धाकटीला वाटलं, आत्ता सांगावं. तोंड उघडलं, पण समोर ती जळकी कॉलर होती, घामाने चुरगळून घडीतून बाहेर आलेली. तिने नुसती मान हलवली.

स्वयंपाकघरात फोडणी तडतडली. आईने दाराशी येऊन नेहमीसारखं विचारलं, "अहो, भाजी काय करू?" आणि विचारता विचारताच तिची नजर धाकटीकडे गेली. ती झटकन आत वळली, गॅस बंद केला, पुन्हा दाराशी आली. "सांगा ना. खरंच. म्हणाल ती करते."

बाबा वाकून बुटाची नाडी सोडत होते. मान वर न करताच म्हणाले, "केलीयेस ती चालेल की. जिन्यातच वास आला मला."

"अहो, पण विचारतेय ना मी."

"विचारतेस, हे बरं वाटतं," बाबा म्हणाले, आणि दुसऱ्या बुटाची नाडी शोधू लागले. तिची गाठ बसली होती. धाकटी खाली बसली आणि ती सोडवू लागली.