बाबांच्या गाडीतलं मिसिंग

माझ्या हातात आली की बाबांची गाडी मिसिंग मारायची, म्हणजे इंजिनाचा ठोका मधेच चुकायचा; त्यांच्या हातात कधीच नाही. त्यामुळे दोष माझ्या पायात आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

गाडी जुनी, गोल पाठीची. इंजिन मागे, पाण्याशिवाय नुसत्या हवेवर थंड होणारं. विजेच्या खात्यातून रिटायर झाल्यावर बाबांनी ते पांढुर्ण्याच्या घराच्या अंगणात पुरतं उघडलं. मोठे पिस्टन टाकले, दोन कार्बोरेटर बसवले, ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटांच्या जागी इलेक्ट्रॉनिक तुकडा लावला. मी सौसरला शाळेत शिकवते. रविवारी घरी आले की आम्ही दोघं चक्कर मारायला निघायचो.

"बाबा, ऐका. आत्ता ठोका चुकला."

"कायचा ठोका? मस्त चालून राहिली."

त्यांना ऐकू कमी येत चाललं होतं. टीव्ही गल्लीपर्यंत ऐकू यायचा. पण हा विषय काढला की ते ताटावरून उठायचे. मी प्लग बदलून पाहिले, कॉइल बदलली. काही फरक नाही.

त्या रविवारी गावाबाहेरच्या रेल्वे फाटकाचा चढ मी हलक्या पायानं घेतला आणि नेमकं रुळांवर इंजिन हिसका देऊन बंद पडलं. चावी फिरवली, लगेच सुरू झालं. जरा अॅक्सिलरेटर दिला, पुन्हा बंद. फाटकवाला केबिनमधून धावत आला.

"मॅडम, निकालो! गाडी आ रही है!"

मागचा ट्रॅक्टर हॉर्न सोडेना. माझ्या बाजूला बाबा, मीच गाडी थांबवली असं समजून, निवांत शेताकडे बघत बसले होते. त्यांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी त्यांचा खांदा गदागदा हलवला. त्यांनी वळून त्या माणसाचे हातवारे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पुरा दाब! पुरा!"

मी चावी मारली आणि पाय पार तळाशी नेला. इंजिन गर्जलं, एकही ठोका न चुकता आम्ही पलीकडे उतरलो. फाटक पडलं, मग मालगाडी धडधडत गेली.

अंगणात गाडी लावली तरी मी स्टेअरिंग सोडलं नव्हतं. पाय पुरा दाबल्यावरच ती कशी चालली? बाबा तर कायम दाबूनच चालवतात. हलक्या पायावर कार्बोरेटर एका नळीतून हवा ओढतो, त्या ओढीनं ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधली थाळी थोडी फिरते आणि ठिणगी जरा आधी पडते. पाय तळाशी गेला की ती ओढच राहत नाही, थाळी जागेवर येते. म्हणजे जे काही तुटतं, ते थाळी फिरल्यावर.

"बाबा, टायमिंग लाइट आणा."

"कचरा असंन कार्बोरेटरमंधी."

"आणा तर."

कॉइलच्या जाड वायरला मी चिमटा लावला. आता प्रत्येक ठिणगीला दिवा लुकलुकणार होता. तो बाबांच्या हातात दिला, इंजिन सुरू केलं. नळीचं टोक कार्बोरेटरवरून काढलं, तोंडात धरलं आणि हवा ओढली.

दिवा विझला. इंजिन गचके खाऊ लागलं. सोडलं, की परत लुकलुक.

"अजून कर," बाबा म्हणाले.

पुन्हा तेच. ते दिव्याकडेच बघत राहिले.

"हे आवाजात आयकू येते तुले?"

"हो बाबा. कधीचं."

त्यांनी वाकून इंजिन बंद केलं.

"अन् फाटकावर तो मानूस वरडत होता?"

"जोरात. ट्रॅक्टरपण."

बाबांनी डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडलं. थाळीवरच्या इलेक्ट्रॉनिक तुकड्याकडे जाणारी बारीक काळी वायर वरून अख्खी दिसत होती, पण चिमटीत धरली तर सुतळीसारखी लवली. आतली तार तुटली होती. थाळी फिरली की ती टोकं दूर जायची. बाबांनी नरम वायरचा तुकडा जोडला, डाग दिला, थाळी फिरायला जागा राहील इतकी ढील ठेवली.

उन्हं कलल्यावर आम्ही मोहगावकडे निघालो. चावी त्यांनी माझ्याकडेच दिली.

"हलकाच चालव. मले पाहू दे."

थोडं पुढे गेल्यावर ते माझ्याकडे वळले.

"आता?"

"नाही चुकला."

संत्र्याच्या बागा मागे पडत होत्या. एक चढ आला, मी पाय मुद्दाम हलका ठेवला. इंजिन एकसारखं चाललं.

"आता? खरं सांगून राहिली ना?"

"खरं, बाबा."

"मंग नागपूरले कानाचा डाक्टर पाह्यजो कोनी," खिडकीबाहेर बघत ते म्हणाले.